पाठ झालेल्या पुस्तकाची बाजू

बारामतीच्या एमआयडीसीजवळचा फ्लॅट असो की इंदापूर तालुक्यातल्या वस्तीवरची अंगणवाडी, चार वर्षांचं मूल चित्रांचं पुस्तक उघडून घडाघडा बोलू लागलं की मोठ्यांचा शेरा ठरलेला असतो : "वाचतंय कुठलं, पाठ झालंय त्याला." शेऱ्यात तथ्य आहे. पानोपानी एकच वाक्य येतं, फक्त प्राणी बदलतो. चारदा ऐकल्यावर ते कुणालाही पाठ होईल. पण या निरीक्षणावरून जो निष्कर्ष निघतो तो उथळ आहे. पाठ झालं म्हणजे पुस्तक संपलं, आता दुसरं आणा किंवा सरळ पाटी-पेन्सिल हातात द्या, असा तो निष्कर्ष. समोरच्या गोटातल्या उत्साही मंडळींना तेच दृश्य पाहून मूल 'वाचायला लागलं' असं वाटतं. तीही घाईच आहे. एका बाजूला पाठांतराची भीती आहे, दुसऱ्या बाजूला त्याचं कौतुक आहे, आणि पाठ होण्याच्या क्रियेत नेमकं काय घडतं हे दोघांनीही पाहिलेलं नाही.

माझं म्हणणं असं : पुनरावृत्तीच्या पुस्तकाचं खरं काम मुलाच्या मनात अपेक्षा तयार करणं हे आहे. पुढच्या पानावर काय येणार याचा मुलाला अंदाज येतो, मूल ते आधीच बोलून टाकतं आणि छापलेलं पान त्याचं बोलणं बरोबर की चूक ते ठरवतं. अंदाज, उच्चार आणि पडताळा ही तीन पावलं पडली तर पाठ झालेलं पुस्तक वाचनाचा पाया घालतं. तिसरं पाऊल राहून गेलं तर ते नुसतं पाठच राहतं. शिवाय मराठीच्या व्याकरणामुळे असं पुस्तक आपल्याकडे एक जास्तीचं काम करू शकतं. ते काम इंग्रजी पुस्तकाला जमणारं नाही आणि इंग्रजीवरून उतरवलेल्या मराठी पुस्तकालाही सहसा जमत नाही. ही बाजू आता टप्प्याटप्प्याने मांडतो.

1. घोकणं आणि अपेक्षा

घोकंपट्टीत पुनरावृत्ती असते, पण वाट पाहणं नसतं. पाढे म्हणणाऱ्या मुलाला 'सात सक' नंतर काय येतं ते माहीत असतं. तरी ते येण्याची त्याला उत्सुकता नसते आणि चुकलं तर ते चुकल्याचं त्याचं त्याला कळत नाही. गुरुजींना सांगावं लागतं. गोष्टीच्या पुस्तकात उलट घडतं. वाचणारी आई कंटाळून एक पान गाळते किंवा 'मांजर'च्या जागी 'उंदीर' म्हणते, तेव्हा तीन वर्षांचं मूल तिला थांबवतं. ते हट्टाने म्हणतं, "असं नाहीये!" हा हट्ट नीट तपासला तर त्यात मोठा शोध दडलेला दिसतो. पुस्तकातला मजकूर कुणाच्या लहरीवर बदलत नाही, आईच्याही नाही, हे मुलाला उमगलेलं असतं.

बोलण्याला ही शिस्त नसते. आजी तीच गोष्ट रोज थोडी वेगळी सांगते, आणि ते तिचं वैभव आहे. छापील शब्द मात्र काल होता तोच आज असतो. लिपी कशासाठी आहे हे समजण्याआधी ती काहीतरी धरून ठेवते हे समजावं लागतं. 'अ अननसाचा' हा तक्ता ही समज देऊ शकत नाही. जिथे मजकूर ओळखीचा झाला आहे आणि त्यात केलेला बदल पकडता येतो, तिथेच ती येते.

2. ही चाल परकी नाही

अशा पुस्तकांना 'विलायती फॅड' म्हणणाऱ्यांनी बारामतीचाच इतिहास आठवावा. मोरोपंत (1729–1794) बाबूजी नाइकांच्या आश्रयाने या गावात राहिले आणि त्यांनी एकशेआठ रामायणं लिहिली. त्यांत ओष्ठ्य वर्ण टाळून रचलेलं निरोष्ठ रामायण आहे, परंतु रामायण आहे, दाम रामायण आहे. रावण मरणार, राम अयोध्येला परतणार, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. काय होणार ही उत्सुकता संपल्यामुळेच कसं होणार याकडे कान लागले. ठरलेल्या साच्यात थोडासा फरक करायचा आणि त्या फरकाकडे लक्ष वेधायचं, हीच चित्रपुस्तकाचीही युक्ती आहे.

दुसरा दाखला रस्त्यावरचा. तुकोबांची पालखी देहूहून निघते ती बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करत पुढे जाते. बेलवाडीला गोल रिंगण होतं. दिंडीतल्या अभंगाला धृपद असतं. चरण एकाने म्हणायचा, धृपद सगळ्यांनी. ज्याला चरण पाठ नाही तोही धृपदाच्या जोरावर गाण्यात सामील होतो आणि वर्षागणिक चरणही उचलतो. शाळेत फारसं न गेलेली माणसं हरिपाठाचं छोटं पुस्तक समोर धरून ओळीओळीने सरकताना दिसतात. ओठांवर आहे ते कागदावर कुठे आहे, हे ती शोधत असतात. पाठ असलेल्या मजकुरावरून लिपीकडे जाण्याची ही वाट आपल्याकडे जुनी आहे.

तिसरा दाखला घरातला. दारावर थांबलेला कावळा आणि दर वेळी नवं कारण सांगून त्याला ताटकळत ठेवणारी चिमणी. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी आणि वाटेत एकेका जनावराला चकवणारी म्हातारी. माहेरी जायची परवानगी मागणाऱ्या सुनेला कारल्याचं बी पेरण्यापासून एकेक काम लावत जाणारं हादग्याचं गाणं. या सगळ्यांची रचना एकच आहे : प्रश्न तोच, उत्तर नवं, साखळी लांबत जाते आणि शेवटी ती तुटते. अमेरिकेत 1967 मध्ये बिल मार्टिन ज्युनियर यांचा मजकूर आणि एरिक कार्ल यांची चित्रं असलेलं तपकिरी अस्वलाचं पुस्तक आलं आणि जगभर गाजलं. त्याची रचना आपल्या आज्यांना नवी वाटली नसती. नवं होतं ते एवढंच, की ती रचना कागदावर मोठ्या अक्षरांत, प्रत्येक पानावर त्याच जागी छापलेली होती. हे 'एवढंच' फार महत्त्वाचं आहे.

3. पुस्तक नेमकं काय शिकवतं

पहिली गोष्ट, मजकुराचं स्थैर्य. त्याबद्दल वर आलंच.

दुसरी, पुस्तकी वाक्याची घडण. घरात आपण तुटक बोलतो : "घे", "चल", "तिकडे नको". पुस्तकातलं वाक्य पूर्ण असतं, त्याला कर्ता असतो, क्रियापद शेवटी येतं, 'तेव्हा', 'म्हणून', 'इतक्यात' असे जोड असतात. एकदा ऐकून ही घडण कानात बसत नाही. तेच वाक्य आठ पानांवर आठदा आलं की मूल ती घडण आपली करतं आणि खेळताना वापरतं.

तिसरी, शब्दसंपत्ती. विरोधक म्हणतात, तेच पुस्तक पुन्हा वाचलं तर नवे शब्द कुठून येणार? ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये याच प्रश्नावर अभ्यास प्रसिद्ध केला. तीन वर्षांच्या काही मुलांना आठवडाभर त्याच गोष्टी पुन्हापुन्हा वाचून दाखवल्या, काहींना वेगवेगळ्या गोष्टी. अनोळखी शब्द दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडतील अशी काळजी घेतली होती. शब्द जास्त चांगले शिकली ती त्याच गोष्टी ऐकणारी मुलं. कारण उघड आहे. नव्या गोष्टीत मुलाचं सगळं लक्ष कोण आलं, कुठे गेलं यातच खर्च होतं. ओळखीच्या गोष्टीत लक्ष मोकळं राहतं आणि ते शब्दाकडे वळतं.

चौथी, आवाज आणि छापील शब्द यांचा मेळ. हे सर्वांत दुर्लक्षित काम आहे. पाठ असलेलं वाक्य म्हणत मूल ओळीखालून बोट फिरवतं, तेव्हा सुरुवातीला बोट आणि आवाज यांची फारकत होते. ओळ संपते, वाक्य उरतं, किंवा वाक्य संपून शब्द उरतो. मूल अडखळतं आणि पुन्हा सुरू करतं. त्या अडखळण्यातच त्याला कळतं, की बोलण्याचा सलग ओघ कागदावर तुकड्यांत मोडलेला आहे, मधल्या मोकळ्या जागेला अर्थ आहे आणि लांब उच्चाराला लांब शब्द लागतो. अनोळखी मजकुरावर हे शिकणं अशक्य आहे. एका बाजूची गोष्ट पक्की माहीत असेल तरच दुसरी तिच्याशी ताडून पाहता येते. म्हणून पाठ झालेलं पुस्तक इथे दोष ठरत नाही, उलट ती पूर्वअट आहे.

4. मराठीची खास सोय : ला, ली, लं

इंग्रजीत साचेबंद वाक्यात नाम बदललं तरी क्रियापद आणि विशेषण जागच्या जागी राहतात. त्यामुळे इंग्रजी साचा स्थिर असतो आणि फक्त एक शब्द बदलत जातो. मराठीत तसं होत नाही. नीरेच्या काठावरचं एक साधं पुस्तक कल्पनेत आणा. पहिल्या पानावर 'पांढरा बगळा दिसला'. दुसऱ्यावर 'पांढरी गाय दिसली'. तिसऱ्यावर 'पांढरं वासरू दिसलं'. नाम बदललं तसं विशेषण बदललं आणि क्रियापदही बदललं.

भाषांतर करणाऱ्याला ही डोकेदुखी वाटते. ठेका राखायचा तर व्याकरण आड येतं आणि व्याकरण सांभाळलं तर ठेका जातो. मग 'मला एक अमुक दिसत आहे' अशी, मराठी घरात कुणीही न बोलणारी वाक्यं जन्माला येतात. मराठीतच विचार करून लिहिलेल्या पुस्तकात हीच अडचण संपत्ती ठरते, ती दोन कारणांनी.

एक, व्याकरण कानातून आत जातं. बगळ्याला 'दिसला' आणि वासराला 'दिसलं' हे मराठी घरातल्या मुलाला सवयीने येतं. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत हिंदी बोलणाऱ्या कुटुंबांची मुलं आहेत, तांड्यावरून आलेली, घरात गोरमाटी बोलणारी मुलं आहेत. त्यांना मराठीचं नपुंसकलिंग सर्वांत जड जातं, कारण हिंदीत ते नाहीच. नियम सांगून ते येणार नाही. आठ पानांत तीन लिंगांची अदलाबदल ऐकली, म्हटली, चुकली आणि सुधारली, तर ते येईल.

दोन, लिपी डोळ्यांतून आत जाते. 'दिसला, दिसली, दिसलं' हे तीन शब्द एकाखाली एक लिहून पाहा. सगळं सारखं आहे, फक्त शेवटच्या 'ल'चा काना, वेलांटी आणि अनुस्वार वेगळा. 'पांढरा, पांढरी, पांढरं' यांत 'र'चं तेच. म्हणजे बाराखडीची ओळ अर्थासह पानावर उभी आहे. फळ्यावरच्या 'ल, ला, लि, ली'मध्ये कान्याने काय फरक पडतो ते मुलाला कळत नाही, कारण 'ला' म्हणजे काहीच नाही आणि 'ली' म्हणजेही काही नाही. इथे कान्याचा बगळा होतो आणि वेलांटीची गाय. पुढे अनेकवचनात 'दिसले, दिसल्या, दिसली' येतं, तेव्हा 'गाय दिसली' आणि 'वासरं दिसली' यांचा शेवट एकच कसा, हा प्रश्न एखादं मूल विचारेलही. ज्या मुलाने तो विचारला त्याला व्याकरणाचा धडा वेगळा द्यायला नको.

देवनागरीत हे निकडीचंही आहे. चौतीसच्या आसपास व्यंजनं आणि प्रत्येकाची बारा रूपं धरली तर बाराखडीच चारशेच्या पुढे जाते, जोडाक्षरं वेगळीच. कन्नड शिकणाऱ्या मुलांवर सोनाली नाग यांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासाने दाखवलं, की अशा लिपीतला अक्षरसंच आत्मसात व्हायला प्राथमिक शाळेची कित्येक वर्षं लागतात. सगळी अक्षरं आल्यावरच पुस्तक द्यायचं ठरवलं, तर तोवर मुलाची पुस्तकाशी ओळख झालेलीच नसेल. पालघर जिल्ह्यातला वाडा तालुका आणि कर्नाटकातलं यादगीर इथल्या मुलांच्या वाचन-लेखनाचा शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांनी काही वर्षं मागोवा घेतला. 2017 मध्ये आलेल्या त्यांच्या अहवालातलं चित्र अस्वस्थ करणारं आहे : वर्गाचा भर अक्षरांवर, अर्थाला जागा थोडी, आणि तरीही तिसरीअखेर अनेक मुलांचं अक्षरवाचन कच्चंच. अर्थ पुढे ढकलल्याने अक्षर लवकर येतं ही समजूत इथे टिकत नाही.

5. साचा मोडण्यासाठी असतो

पुनरावृत्तीचं पुस्तक चांगलं की सुमार हे शेवटच्या पानावर ठरतं. सुमार पुस्तक दहा प्राणी दाखवतं आणि थांबतं. चांगलं पुस्तक आठ पानं अपेक्षा रचतं आणि नवव्या पानावर तिला धक्का देतं. नीरेकाठच्या पुस्तकात बगळा, गाय, वासरू, ससा असं सगळं पांढरं होत गेल्यावर शेवटी 'पांढरी म्हैस दिसली' असं पान यावं. मूल हसेल, म्हणेल म्हैस काळी असते. पान उलटलं की कळावं, म्हैस पिठाच्या गिरणीत शिरली होती.

हा विनोद फक्त करमणूक करत नाही. साचा मनात पक्का झाल्याशिवाय त्याचं मोडणं जाणवत नाही, म्हणून हसलेलं मूल पुस्तक समजलेलं मूल आहे. आकलनाची एवढी खात्रीशीर परीक्षा प्रश्नपत्रिकेत नसते. पुनरावृत्ती आणि घोकंपट्टी यांतली सीमाही इथेच आहे. घोकंपट्टी अखेरपर्यंत तीच राहते. गोष्टीतली पुनरावृत्ती आपल्या शेवटाची तयारी करत असते.

6. बारामती आणि इंदापुरात याची विशेष गरज का

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा : या दोन तालुक्यांचं वर्ष साखर कारखान्यांच्या गाळपाशी बांधलेलं आहे. हंगाम सुरू झाला की बीड आणि मराठवाड्याच्या इतर भागांतून, तसंच अहिल्यानगरमधून ऊसतोडीच्या टोळ्या येतात, फडाजवळ किंवा कारखान्याच्या तळावर कोप्या उभ्या राहतात आणि त्यांच्यासोबत मुलंही येतात. साखरशाळा, हंगामी वसतिगृहं, गावच्या शाळेत तात्पुरता प्रवेश असे उपाय होत आले आहेत. तरी मूळ अडचण राहते : हे मूल वर्ग अर्ध्यावर आल्यावर येतं आणि वर्ष संपण्याआधी जातं. गावच्या शाळेने तोवर 'त'पर्यंत मजल मारलेली असते, आणि त्याच्या मूळ गावची शाळा आणखी कुठेतरी असते. क्रमाने चालणाऱ्या प्रत्येक अभ्यासक्रमात हे मूल मागेच राहणार.

साचेबंद पुस्तकाला असा क्रम लागत नाही. ज्या मुलाने पहिली दोन पानं ऐकली ते तिसऱ्या पानावर वर्गाबरोबर बोलू शकतं. त्याच सकाळी, नाव पटावर चढायच्या आधीच, ते वर्गात सामील झालेलं असतं. धृपद म्हणणाऱ्या वारकऱ्यासारखं त्याला प्रवेशासाठी पूर्वतयारी लागत नाही. जाताना ते पुस्तक तोंडात घेऊन जातं. पुढच्या शाळेत तेच पुस्तक भेटलं तर तिथे ते मूल आधीच जाणकार ठरेल. स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांनी काही थोडी पुस्तकं समान ठेवावीत असं मला वाटतं, त्याचं कारण हे.

अंगणवाडीचं गणित वेगळं असलं तरी गरज तीच आहे. तीन ते सहा वर्षांची मुलं एका खोलीत, एक सेविका, एक मदतनीस, पोषण आहार, वजनं आणि नोंदी. 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेत शाळापूर्व शिक्षणही आहे, पण कामांच्या रेट्यात तेच आक्रसतं. सेविकेला लांब गोष्ट रंगवून सांगायला वेळ नसतो. सात मिनिटांत संपणारं आणि मिश्र वयाच्या मुलांना एकत्र बोलतं करणारं पुस्तक तिच्या हाताशी असलं, तर ते रोज वाचलं जाईल. नीरेपलीकडच्या फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी 1984 मध्ये प्रगत शिक्षण संस्था आणि 1986 मध्ये कमला निंबकर बालभवन सुरू केलं. गावाकडच्या, अनेकदा घरात पुस्तक नसलेल्या मुलांच्या वाचन-लेखनाचा गंभीरपणे विचार इथे, शेजारच्याच तालुक्यात, चार दशकं झाला आहे. आपल्याला फार लांब पाहायला नको.

7. आक्षेप आणि उत्तरं

'मुलं चित्र बघून ठोकून देतील.' हा सर्वांत भक्कम आक्षेप आहे आणि तो अर्धा मान्य करायला हवा. केनेथ गुडमन यांनी 1967 मध्ये वाचन म्हणजे संदर्भावरून बांधलेला अंदाज अशी मांडणी केली. तिच्या प्रभावाखाली इंग्रजी भाषक देशांतल्या अनेक वर्गांनी नवशिक्या वाचकांना साचेबंद पुस्तकं देऊन अडलेला शब्द चित्रावरून ओळखायला शिकवलं. पुढे कीथ स्टॅनोविच आणि इतरांच्या संशोधनातून दिसलं, की संदर्भाचा आधार जास्त घेतात ते कच्चे वाचक. तयार वाचक शब्द अक्षरांवरून झटकन ओळखतो. तेव्हा अक्षरं जुळवून वाचायला शिकवण्याचं काम या पुस्तकांकडून करून घेऊ नये. ते स्वतंत्रपणे, नेमाने, शिकवलेल्या अक्षरांपुरताच मजकूर देऊन करावं. साचेबंद पुस्तक त्याच्या आधी आणि त्याच्या सोबत असावं, त्याच्या बदली नसावं. पाश्चात्य अनुभवाचा धडा हे पुस्तक फेकून द्या असा होत नाही. त्याला न झेपणारं काम देऊ नका, एवढाच तो आहे.

'पाठ झालं की मूल पानाकडे बघतच नाही.' खरं आहे, म्हणूनच पडताळा हवा. वाक्याची पट्टी कापून शब्द सुटे करा आणि मुलाला पुन्हा जुळवू द्या. चित्र झाकून विचारा, 'गाय' कुठल्या पानावर आहे? 'दिसली' लिहिलेली पट्टी दाखवून विचारा, ही बगळ्याची की गाईची? ज्याने उत्तर शोधायला शब्दाच्या शेपटाकडे पाहिलं, त्याचं लक्ष आता पानावर आहे.

'अशी पुस्तकं पोरकट आणि कळाहीन असतात.' बाजारातली पुष्कळ असतात. तो दोष रचनेचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे. डॉ. स्यूस यांचं हिरव्या अंड्यांचं 1960 चं पुस्तक अवघ्या 50 वेगवेगळ्या शब्दांत लिहिलेलं आहे आणि आजही मुलं ते मागून घेतात. आपल्याकडे माधुरी पुरंदरे यांनी घरातली माणसं आणि रोजचे प्रसंग साध्या मराठीत मांडून दाखवले. 2014 मध्ये साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला. कमी शब्द म्हणजे कमी विचार, हे त्यांची पुस्तकं वाचल्यावर कुणी म्हणू नये. मराठीत उणीव आहे ती लहानांसाठी मुळातून मराठीत रचलेल्या, ठेक्याच्या, शेवटी गंमत असलेल्या पुस्तकांची.

'मोबाइलवर तेच गाणं शंभरदा ऐकतातच की.' ऐकतात, पण मोबाइल थांबत नाही. 'पांढरी...' म्हणून मुलाच्या तोंडाकडे बघत बसणं त्याला जमत नाही. अंदाज करायला जी दोन सेकंदांची शांतता लागते ती माणूसच देऊ शकतो. त्या जागेशिवाय उरते ती नुसती पुनरावृत्ती, म्हणजे या लेखात जिला घोकंपट्टी म्हटलं ती.

'पैसे कुठून आणायचे?' हा प्रश्न पुस्तकांच्या संख्येला लागू आहे आणि या पद्धतीला संख्या लागतच नाही. प्रथम बुक्सने 2015 मध्ये सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मुक्त परवान्याची मराठी चित्रपुस्तकं मोफत मिळतात, ती छापता येतात, बदलता येतात. त्याहून स्वस्त उपाय म्हणजे कार्डशीटवर स्वतः बनवलेलं पुस्तक. ट्रॅक्टर, बैलगाडी, उसाची मोळी, उजनीच्या फुगवट्यावर भिगवणला येणारे रोहित पक्षी : साचा हाताशी असला की मजकूर गावातच सापडतो.

8. एक पुस्तक, पाच वाचनं

तत्त्व पटलं तरी वर्गात काय करायचं हे स्पष्ट हवं. पहिलं वाचन सलग, न अडवता, गोष्टीच्या मजेसाठी. दुसऱ्या वाचनात पान उलटण्याआधी थांबायचं आणि मुलांना अंदाज करू द्यायचा. चूक अंदाजालाही पानाकडेच बोट दाखवायचं, स्वतः उत्तर द्यायचं नाही. तिसऱ्यात मुलांनी म्हणायचं आणि मोठ्याने ओळीखालून बोट फिरवायचं. चौथ्यात बोट मुलाचं. पाचव्यात साचा तोच ठेवून मजकूर मुलांचा : काळा कोण, काळी कोण, काळं काय? मुलांनी सांगायचं, सेविकेने त्यांच्यासमोर लिहायचं, चित्रं मुलांची. या क्रमात सेविका हळूहळू मागे सरकते आणि मूल पुढे येतं. न्यूझीलंडचे डॉन होल्डवे यांनी 1979 च्या पुस्तकात मोठ्या आकाराच्या सामायिक पुस्तकाची पद्धत मांडली, तिचाही गाभा हाच होता : आधी सर्वांनी मिळून, मग एकट्याने.

पालकांसाठी नियम एकच. मूल तेच पुस्तक पुन्हा मागतं तोवर त्याचं त्यातलं काम संपलेलं नाही. ज्या दिवशी ते स्वतःहून दुसरं उचलेल त्या दिवशी संपलं.

9. मोजायचं काय

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा वयोगट एक पायाभूत टप्पा मानला आणि 2021 मध्ये आलेल्या निपुण भारत अभियानाने वाचन-गणिताची उद्दिष्टं ठरवली. हेतू योग्य आहे. पण उद्दिष्ट आलं की मोजणी येते, आणि मोजायला सोपं असतं ते मोजलं जातं. चार वर्षांच्या मुलाला किती अक्षरं येतात हे मोजणं सोपं आहे, म्हणून त्या वयात अक्षरांची घाई होते आणि पुस्तक मागे पडतं. त्याऐवजी अंगणवाडीत तीन प्रश्न विचारावेत. शब्द बदलून वाचला तर मूल हरकत घेतं का? थांबलं तर पुढचं वाक्य पुरं करतं का? तोच साचा घेऊन स्वतःचं वाक्य रचतं का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर पहिलीत अक्षरं शिकवणाऱ्या शिक्षकाला तयार जमीन मिळेल.

यासाठी एक कारकुनी सुधारणाही हवी, आणि ती मला कुठल्याही प्रशिक्षणाइतकी महत्त्वाची वाटते. पुस्तक डेड स्टॉक रजिस्टरला चढलं की ते फाटण्याची जबाबदारी सेविकेवर किंवा शिक्षकावर येते, आणि ज्या वस्तूचा जाब द्यावा लागतो ती कपाटात जाते. चार वर्षांच्या मुलांच्या हाती शंभर वेळा गेलेलं पुस्तक फाटणारच. ते धड राहिलं तर ते कुणी वाचलं नाही असं समजावं. चित्रपुस्तकं खडू-पेन्सिलीप्रमाणे खर्ची पडणारी वस्तू मानावीत, दरवर्षी त्यांतली फाटलेली बदलून द्यावीत आणि तपासणीला आलेल्या अधिकाऱ्याने आधी फाटकी पुस्तकं बघायला मागावीत.